शोकातून सेवेकडे : पुण्यश्लोक अहल्याबाईंचे जीवन

संसार म्हटला की सुखदुःखाचे फेरे चुकत नाहीत, हे आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ऐकणे वेगळे आणि स्वतःच्या घरात मृत्यू शिरला असता उभे राहणे वेगळे. ज्या घरातून कर्ता मुलगा गेला, ज्या स्त्रीचे सौभाग्य अकाली हरपले, त्या घरी जाऊन आत्म्याच्या अमरत्वावर प्रवचन करू लागलो, तर ते शब्द कानाशीच अडतात. अंतःकरणापर्यंत पोचत नाहीत. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी शास्त्राच्या जोडीला चरित्रेही जपून ठेवली. शास्त्र मार्ग सांगते. त्या मार्गाने कोणी खरोखर चालून गेले आहे, हे चरित्र दाखविते.

बंगळूरच्या जे. पी. नगरात राहणारा गृहस्थ असो की नागपूरच्या महालातला, काशीस गेला म्हणजे ज्या मंदिरात तो विश्वनाथाचे दर्शन घेतो, ते मंदिर १७८० साली एका विधवा स्त्रीने उभविले. गयेस पितरांना पिंड देताना ज्या विष्णुपद मंदिरापुढे तो हात जोडतो, तेही तिनेच बांधविले. वेरूळचे घृष्णेश्वराचे देवालय तिच्याच पुण्याईचे. तिच्या दानधर्माची थोरवी सर्वांच्या मुखी आहे. पण हा दानधर्म कोणत्या दुःखातून उगवला, याचा विचार क्वचित होतो. तो आज करावयाचा आहे.

अहल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून त्या जिल्ह्याला आता अहल्याबाईंचेच नाव दिले आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घराणे धनगराचे, राहणी साधी, वळण देवधर्माचे. मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीस पडला असता देवळात आलेल्या या मुलीचे शांत, निर्भय वागणे त्यांच्या डोळ्यांत भरले आणि त्यांनी तिला सून म्हणून मागून घेतले, असे परंपरा सांगते. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७४५ मध्ये मालेराव आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. मल्हाररावांनी सुनेची बुद्धी ओळखली होती. हिशेब, वसुली, पत्रव्यवहार, फौजेची दाणावैरण यांची माहिती त्यांनी तिला हळूहळू करून दिली. सासू गौतमाबाईंच्या छायेत घरचे वळणही पक्के झाले. भरलेले गोकुळ म्हणावे असेच ते घर होते.

मार्च १७५४ मध्ये त्या घरावर पहिली कुऱ्हाड कोसळली. भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला होता. तेथे किल्ल्यावरून आलेला तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहल्याबाईंचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे. पतीबरोबर सती जाण्याचा त्यांनी निश्चय केला. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे कोणी त्यांना दोष दिला नसता; उलट गौरवच केला असता.

त्या क्षणी मल्हारराव पुढे झाले. एकुलत्या एका मुलाचे प्रेत समोर असलेला तो वृद्ध सरदार सुनेपुढे पदर पसरल्यासारखा उभा राहिला. त्यांनी तिला वेदान्त सांगितला नाही, नशिबाचे गाऱ्हाणे गायले नाही. आपला खंडू गेला, आता तूच माझा मुलगा. तूही निघून गेलीस तर या म्हातारपणी मी कोणाकडे पाहावे आणि ही दौलत कोणी सांभाळावी, एवढेच त्यांच्या बोलण्याचे सार होते. अहल्याबाई थांबल्या.

वाचकहो, या प्रसंगाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. आपण दुःखिताला धीर देतो म्हणजे बहुधा काय करतो? काळ हेच औषध आहे, देवाची इच्छा, सर्वांनाच एक दिवस जायचे आहे, असे सांगतो. ही वचने खोटी नाहीत. परंतु ज्याचे सर्वस्व गेले त्याला त्यांनी जगण्याचे कारण मिळत नाही. मल्हाररावांनी सुनेला कारण दिले. तुझी कोणाला तरी गरज आहे, हे त्यांनी तिला सांगितले, आणि ते केवळ सांत्वनासाठी रचलेले नव्हते, अक्षरशः खरे होते. अर्जुन धनुष्य टाकून बसला तेव्हा भगवंतांनीही त्याला नुसते शांत केले नाही. त्याच्या वाट्याचे काम त्याच्यापुढे ठेवले. शोक ओसरल्यावर कर्तव्य करू, असे म्हणणाऱ्याचा शोक बहुधा ओसरतच नाही. कर्तव्याचे पहिले पाऊल डोळ्यांत पाणी असतानाच टाकावे लागते.

अहल्याबाईंनी ते टाकले. पुढील बारा वर्षे मल्हारराव मोहिमांवर असत आणि मागील कारभार सून पाही. १७६१ साली पानिपतचा प्रलय झाला. त्याच वर्षी सासूबाई गौतमाबाई वारल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनीही देह ठेवला. ज्यांच्या शब्दाखातर त्या जगल्या होत्या तोच आधार गेला. सुभेदारीची वस्त्रे मालेरावांना मिळाली. परंतु त्यांना मनाच्या व्याधीने ग्रासले आणि वर्षही पुरे होण्याच्या आत, १७६७ च्या वसंतात, बाविसाव्या वर्षी ते निवर्तले. आईने रात्रंदिवस केलेली शुश्रूषा व्यर्थ गेली.

अशा वेळी जग दया करते असे नाही. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला आणि राघोबादादा फौजेसह माळव्यात आले. अहल्याबाईंनी हा बेत साफ नाकारला. त्यांनी मराठा सरदारांना पत्रे पाठविली, स्वतः लढाईची सिद्धता केली आणि पेशव्यांकडे न्याय मागितला. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचाच पक्ष उचलून धरला. राघोबादादा समाचाराला आल्याचे सांगून परतले. दिवाणांवर मात्र बाईंनी सूड उगविला नाही. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांवर सोपविली आणि नर्मदातीरी महेश्वर येथे राहून राज्य चालविले. हे राज्य सुमारे अठ्ठावीस वर्षे चालले.

त्यांची दिनचर्या कशी होती, हे सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना पाहिलेल्या माणसांकडून ऐकून लिहून ठेवले आहे. पहाटेपूर्वी उठणे, स्नान-पूजा, पुराणश्रवण, स्वहस्ते दानधर्म, साधे भोजन. मग दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबारात प्रजेची गाऱ्हाणी ऐकणे. सायंपूजेनंतर रात्री पुन्हा काम. पडद्याचा अडसर नव्हता. गरिबाचे म्हणणेही त्या स्वतः ऐकत. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा करण्याची सोय सत्तेला किती मोहक वाटते, हे सांगावयास नको; अहल्याबाईंनी त्या धनास हात लावला नाही. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तो त्यांनी ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकावयास लावला.

त्यांच्या दानातील मोठी मंदिरे सर्वांना दिसतात. १७८३ साली सोमनाथ येथे भग्न मंदिराजवळ त्यांनी नवे देवालय उभारले. काशीचे घाट, हरिद्वारचा कुशावर्त, वाटेवरच्या विहिरी आणि धर्मशाळा यांची यादी लांब आहे. परंतु त्याच माल्कमने नोंदविलेल्या लहान गोष्टी मला अधिक बोलक्या वाटतात. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाणी घेऊन माणसे उभी असत. थंडीत आश्रितांना उबदार वस्त्रे मिळत. महेश्वरच्या आसपास नांगरास जुंपलेले बैल मध्येच थांबवून बाईंचा चाकर त्यांना पाणी पाजीत असे. शेतकरी पाखरांना हुसकावतात म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी ठेवलेली असत. ज्या स्त्रीला स्वतःच्या मुलाच्या तोंडात पाणी घालण्यापलीकडे काही करता आले नाही, ती परक्या बैलाची तहान ओळखीत होती. दुःखाने काही माणसे कठोर होतात, काही मऊ होतात. दुःख तेच असते. त्याचे पुढे काय करावयाचे, ही निवड मात्र माणसाची असते.

आणि तरीही दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. मुलगी मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा मुलगा नथ्याबा आजीचा जीव की प्राण होता. तो ऐन तारुण्यात गेला. सुमारे वर्षभराने, १७९१ साली, जावईही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय सांगितला.

कुंभेरीचा प्रसंग सदतीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. फक्त या वेळी विनवणी करणारी अहल्याबाई होती. सहासष्ट वर्षांची राणी मुलीच्या पायांवर पडली, देवाची शपथ घातली, मला या जगात एकटी टाकून जाऊ नकोस म्हणून रडली. मुक्ताबाईंचे उत्तर शांत पण अढळ होते. आई, तू वृद्ध झालीस, थोड्या वर्षांत तुझा प्रवास संपेल. मुलगा गेला, पती गेला, तूही गेल्यावर माझे जगणे असह्य होईल आणि मानाने मरण्याची वेळही निघून गेली असेल, अशा अर्थाचे ते होते. आईचा उपाय चालला नाही. ती पायी चालत चितेपर्यंत गेली. ज्वाला उठल्या तेव्हा तिचा धीर सुटला. दोन ब्राह्मणांनी तिला धरून ठेवले होते, आणि वेदनेने ती स्वतःचेच हात चावीत होती.

ही प्रथा पुढे १८२९ साली बंगाल इलाख्यात कायद्याने बंद झाली, आणि ती बंद झाली हे योग्यच झाले. अहल्याबाईंचे ते रडणे त्या प्रथेविरुद्धची मोठी साक्ष आहे. मल्हाररावांच्या शब्दाने थांबलेली एक स्त्री पुढे एकेचाळीस वर्षे जगली आणि तिने लाखोंना छाया दिली. मुक्ताबाई थांबल्या असत्या तर त्यांच्या हातून काय घडले असते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. चितेने जे नेले त्याची मोजदाद होत नाही.

त्यानंतर तीन दिवस अहल्याबाईंनी अन्नास जवळजवळ स्पर्श केला नाही आणि एक शब्दही उच्चारला नाही. हे लपविण्याचे कारण नाही. धर्मनिष्ठ माणसाला शोक होत नाही, अशी एक खोटी कल्पना आपल्यांत रूढ आहे, आणि तिच्यामुळे शोकग्रस्त माणूस स्वतःला श्रद्धाहीन समजू लागतो. साठ वर्षे पूजापाठ केलेली ही साध्वी तीन दिवस मुकी झाली होती. श्रद्धेने अश्रू आटत नाहीत. अश्रूंनंतर उठण्याचे बळ येते. चौथ्या दिवसापासून त्या हळूहळू सावरल्या. गेलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी छत्री बांधविली आणि पुन्हा कामास लागल्या. आता पती नव्हता, सासरा नव्हता, मुलगा, नातू, जावई, मुलगी कोणीही नव्हते. प्रजा मात्र होती. दारात याचक होता, नर्मदेवर वाटसरू होता. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. तोवर महेश्वरचा दरबार चालूच होता.

निष्काम कर्म हा शब्द आपण सहज उच्चारतो. फळाची आशा सोडणे म्हणजे उदासीन होणे, असा त्याचा चुकीचा अर्थही अनेकदा घेतो. अहल्याबाईंपाशी आपल्या वंशासाठी राखून ठेवण्याजोगे काही उरलेच नव्हते. त्यांच्या श्रमांचे फळ घेणारे वारस कोणी नव्हते. तरी त्यांचे काम थंडावले नाही, अधिक विस्तारले. आपल्या घरापुरती असलेली माया घर उरले नाही तेव्हा आटली नाही. तिने सेतुबंधापासून हिमालयापर्यंत वाट काढली. आशा म्हणजे गेलेले परत येईल असे वाटणे नव्हे. आपल्या हातून अजून कोणाचे तरी भले होऊ शकते, हा विश्वास म्हणजे आशा.

गृहस्थाश्रमी माणसाला राज्य नसते, खासगीचा खजिना नसतो. परंतु शोक सर्वांच्या घरी येतो, आणि शेजारीही सर्वांना असतो. आपल्या ओळखीत कोणी शोकात बुडालेले असेल, तर त्याला उपदेश करण्याआधी मल्हाररावांचे स्मरण करावे. त्याच्यावाचून आपले काय अडते ते त्याला खऱ्या मनाने सांगावे. आणि शोक आपल्याच दारी आला असेल, तर जितके दिवस मुके राहावेसे वाटेल तितके खुशाल राहावे. मग उठून दारातल्या तहानलेल्याला पाणी द्यावे. अहल्याबाई याच वाटेने गेल्या. ती वाट आपल्या अंगणातूनच निघते.