डॉ. कोटणीस कशाने गेले?

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटाने ते घरोघरी पोचवले. चीनच्या रणभूमीवर सेवा करताना गेलेला तरुण डॉक्टर, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते गेले कशाने, असे विचारले तर अनेकजण बाँब किंवा गोळी असे उत्तर देतात. प्रत्यक्षात ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचा बळी घेतला तो अपस्माराने, म्हणजे आपण ज्याला फिट्स किंवा फेफरे म्हणतो त्या आजाराने.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली. पुढच्या शिक्षणाचा विचार सुरू असतानाच जगात उलथापालथ होत होती. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते आणि अनेक देशांतले तरुण तिथे स्वयंसेवक म्हणून जात होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. देशभर निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले: अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. पथकप्रमुख अटल स्पेनच्या युद्धात काम करून आलेले होते. कोटणीस अवघे २७ वर्षांचे.

सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले. माघार घेणाऱ्या चिनी सैन्याबरोबर शहरे बदलत ते १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला, कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर पोचले. त्याआधीच वाटेत कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली होती. घरी परतण्यासाठी एवढे कारण कोणालाही पुरेसे वाटले असते. ते मात्र पुढे गेले. यथावकाश पथकातले एकेक जण मायदेशी आले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, थेट आघाडीवर राहिले.

तिथले काम समजायचे तर जखमेचे शास्त्र थोडे समजून घ्यावे लागेल. गोळी किंवा बाँबचा तुकडा शरीरात शिरताना माती, कपड्याचे धागे आणि जंतू आत नेतो. भोवतालचे मांस मरते आणि त्या मेलेल्या मांसात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून मेलेला भाग लवकरात लवकर कापून जखम स्वच्छ करावी लागते. इथे तासांचा हिशेब असतो. जखमीला डोंगर ओलांडून दूरच्या इस्पितळात नेण्यापेक्षा शस्त्रक्रियेची सोयच लढाईजवळ न्यावी, हे तत्त्व त्या भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांनी रुजवले होते. तेही स्पेनहून आलेले स्वयंसेवक. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. पेनिसिलीन तेव्हा रुग्णांपर्यंत पोचलेलेच नव्हते.

कोटणीसांनी हेच काम पुढे नेले. १९४० च्या एका दीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगितले जाते. १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. चिनी भाषा शिकून त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. शल्यचिकित्सेवर एक पाठ्यपुस्तक त्यांनी पूर्ण केले आणि दुसरे लिहायला घेतले. तिथेच कुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पुस्तक अपुरेच राहिले.

फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये अचानक उसळलेला विजेचा अनियंत्रित प्रवाह. डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्या अशी कारणे असू शकतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. ज्याला हा आजार आहे त्याला जागरण, अतिश्रम आणि उपासमार हमखास त्रास देतात. कोटणीसांच्या आयुष्यात या तिन्हींची कमतरता नव्हती. फिट्सवर औषधे तेव्हाही होती: फेनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटोइनचा गुण १९३८ मध्येच सिद्ध झालेला. पण वेढलेल्या डोंगरी मुलखात औषधांचीच वानवा. एकामागून एक फिट्स येत राहिल्या की मेंदूला सावरायला वेळ मिळत नाही, श्वास आणि हृदय धोक्यात येते. त्यांचा शेवट अशाच लागोपाठच्या फिट्सनी झाला.

आज परिस्थिती वेगळी आहे. नियमित औषध घेतले तर दहापैकी सुमारे सात रुग्णांच्या फिट्स पूर्ण थांबू शकतात. तरीही कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मांत्रिकाकडे नेणे, मुलीचे लग्न मोडेल म्हणून आजार लपवणे आणि बरे वाटताच गोळ्या बंद करणे चालूच आहे. कोणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, मानेजवळचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. औषध स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका.

चीनमधल्या शिच्याच्वांग शहरात कोटणीसांची समाधी आहे आणि सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचे स्मारक झाले आहे. मुलांना घेऊन तिथे गेलात, तर या डॉक्टरने काय केले हे सांगाच. त्यांना कोणता आजार होता, हेही सांगा. त्याचे नाव घ्यायला आपण जोवर कचरतो, तोवर त्याच्या गोळ्या गावोगाव मिळूनही अनेकांच्या पोटात जाणार नाहीत.