लेथ यंत्राला लोखंडी हात देणारा हेन्री मॉडस्ले

घरांतलें लाटणें, पाळण्याचे गोल पाय आणि मुलांचा आवडता भोंवरा हे तिन्ही जिन्नस लेथ यंत्रावर तयार होतात. लाकडाचा तुकडा दोन टोंकांमध्यें धरून गरगर फिरवावयाचा, आणि कातारी आपलें हत्यार त्यावर टेंकवील तसतसा तो गोल होत जावयाचा, अशी ह्या कामाची रीत आहे. फिरण्याचें काम यंत्राचें. हत्यार मात्र माणसाच्या हातांत. हात थकला किंवा किंचित् हालला कीं वस्तु बिघडली! भोंवऱ्यांत एवढी चूक खपून जाते, परंतु यंत्राच्या लोखंडी भागांत ती मुळींच खपत नाहीं. ही अडचण ज्यानें कायमची दूर केली, त्या इंग्रज कारागिराचें चरित्र मननीय आहे.

हेन्री मॉडस्ले ह्याचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजीं लंडनजवळील वुलिच येथें झाला. त्याचे वडील लढाईंत जखमी झालेले सैनिक असून तेथील शस्त्रागारांत नोकरीस होते. घरची गरिबी असल्यामुळें बाराव्या वर्षीं हेन्री त्याच शस्त्रागारांत काडतुसें भरण्याच्या कामास लागला. पुढें दोन वर्षांनीं त्याला सुतारशाळेंत घातलें. पण त्याचें सारें लक्ष शेजारच्या लोहारशाळेकडे! अखेरीस तो तेथेंच गेला, आणि थोड्याच काळांत त्याच्या हातच्या सफाईचा सर्वत्र बोलबाला झाला.

त्या वेळीं जोसेफ ब्रामा नांवाच्या कल्पक गृहस्थानें एक अजब कुलूप शोधून काढलें होतें. तें इतकें नाजूक होतें कीं तें घडविणारा कारागीरच मिळेना. अठरा वर्षांच्या हेन्रीला त्यानें कामावर घेतलें. हेन्रीनें कुलपें तर केलींच, शिवाय कुलपांचे भाग अचूक करणारीं यंत्रेंही बनविलीं. ब्रामाच्या दुकानांत मांडलेलें एक कुलूप उघडणारास मोठें बक्षीस लाविलें होतें. तें १८५१ सालापर्यंत कोणासही उघडतां आलें नाहीं. इतकें असूनही, संसार वाढल्यामुळें १७९७ सालीं हेन्रीनें आठवड्याच्या तीस शिलिंगांवर थोडी पगारवाढ मागितली, तेव्हां धन्यानें ती साफ नाकारली. हेन्रीनें नोकरी सोडली आणि स्वतःचा लहानसा कारखाना थाटला.

येथेंच त्याच्या कीर्तीचा पाया घातला गेला. त्यानें लेथ यंत्र सर्वस्वीं लोखंडाचें केलें. कातण्याचें हत्यार हातांत न धरतां सरकत्या लोखंडी बैठकींत घट्ट बसविलें. आणि ही बैठक दंतचक्रें व लांब स्क्रू ह्यांच्या योगें ठरलेल्या वेगानें पुढें सरकेल अशी योजना केली. ही कल्पना त्याच्यापूर्वींही कांहींना सुचली होती; परंतु कारखान्यांत रोज वापरतां येईल असें भक्कम रूप तिला मॉडस्लेनें दिलें. एकसारख्या आट्यांचे स्क्रू हवे तितके निघूं लागले. तत्पूर्वीं प्रत्येक बोल्टाचा नट निराळा असे. एकाचा दुसऱ्यास लागत नसे.

पुढें मार्क ब्रुनेल ह्यानें आंखलेलीं यंत्रें घडविण्याचें काम त्याच्याकडे आलें. शिडाच्या एका मोठ्या लढाऊ जहाजास सुमारें हजार लांकडी कप्प्या लागत. पोर्ट्स्मथच्या गोदींत हीं यंत्रें बसविल्यावर जें काम करण्यास पूर्वीं ११० कुशल माणसें लागत, तें दहा साधीं माणसें करूं लागलीं. देशाचा खर्च वांचला. परंतु ज्यांच्या हातांची विद्या एकाएकीं निरुपयोगी झाली, त्या कारागिरांचें काय, हा प्रश्न त्या दिवसापासून जगापुढें उभा आहे आणि तो अद्याप सुटलेला नाहीं.

मॉडस्ले स्वतः मात्र हाताच्या विद्येस कधीं विसरला नाहीं. मोठा कारखानदार झाल्यावरही तो कानस घेऊन काम करी. इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत माप घेणारें एक उपकरण त्यानें बनविलें होतें. कारखान्यांत मापाविषयीं तंटा पडला, कीं त्याचा निवाडा अखेरचा मानीत. म्हणून त्यास थट्टेनें लॉर्ड चॅन्सेलर म्हणत. रॉबर्ट्स, व्हिटवर्थ, नॅस्मिथ हे पुढील काळांतील नामांकित यंत्रकार त्याच्याच कारखान्यांत तयार झाले. आजारी मित्रास भेटून फ्रान्सहून परततांना त्याला थंडी बाधली, आणि १४ फेब्रुवारी १८३१ रोजीं त्याचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, ज्यानें यंत्राला लोखंडी हात दिला, त्याचा स्वतःचा हात त्या काळीं सर्वांत कसबी होता, हें विसरूं नका. अचूकपणा प्रथम माणसाच्या अंगीं यावा लागतो. मगच तो यंत्रांत उतरतो. सुतारकामाच्या तासाला फळी रंधतांना किंवा वहींत रेघ आंखतांना एवढें जरी आपण ध्यानीं धरलें, तरी हें चरित्र वाचल्याचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.