दुःखातही उभी राहिलेली आई



घरभेटीला गेलो की देवाने आमच्याच घरी असे का केले, हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. कुणाचा कर्ता मुलगा गेलेला असतो, कुणाचा धंदा बुडालेला असतो. सेमिनरीत आम्ही दुःखाचे तत्त्वज्ञान शिकलो, त्याच्या परीक्षाही दिल्या. पण त्या घरात बसल्यावर त्यातले उत्तर ओठांवर येत नाही. अशा वेळी आम्हाला संत एलिझाबेथ ॲन सीटन आठवते.

एलिझाबेथचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यू यॉर्क येथे एका सुखवस्तू एपिस्कोपल कुटुंबात झाला. ती तीन वर्षांची असतानाच आई वारली. १७९४ साली विल्यम सीटन या व्यापाऱ्याशी तिचा विवाह झाला व त्यांना पाच मुले झाली. १७९८ साली सासरे वारले आणि नवऱ्याच्या लहान भावंडांचा भारही तिच्यावर आला. पुढे व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. १८०१ साली तिचे डॉक्टर वडील आजारी स्थलांतरितांची सेवा करताना पीतज्वराने दगावले.

तशातच विल्यमचा क्षय बळावला. हवापालट व्हावा म्हणून १८०३ साली ती त्याला आणि आठ वर्षांच्या ॲना मारियाला घेऊन इटलीला गेली. न्यू यॉर्कमध्ये पीतज्वराची साथ होती, म्हणून लिव्होर्नो बंदरात तिघांना सुमारे महिनाभर एका थंड, ओलसर इमारतीत वेगळे ठेवण्यात आले. तेथे ती नवऱ्याची शुश्रूषा करी, त्याच्याबरोबर प्रार्थना करी आणि लेकीला ऊब यावी म्हणून दोरीवरच्या उड्यांचा खेळही चाले. सुटका झाल्यावर आठच दिवसांनी, २७ डिसेंबरला, पिसा येथे विल्यमने प्राण सोडला. ती तेव्हा २९ वर्षांची होती.

नवऱ्याचे व्यापारी मित्र फिलिकी यांच्या कुटुंबाने मायलेकींना आधार दिला. त्यांच्याबरोबर चर्चला जाताना तिला पवित्र मिस्साची ओळख झाली. परमप्रसादात प्रभू खरोखर उपस्थित आहे, ही श्रद्धा तिच्या मनात घर करून राहिली. मायदेशी परतल्यावर बऱ्याच घालमेलीनंतर १४ मार्च १८०५ रोजी ती कॅथलिक झाली. अनेक आप्तेष्टांनी पाठ फिरवली. पोटासाठी शाळेचा उद्योग केला, तो फसला. विद्यार्थ्यांची राहण्याजेवणाची सोय घरी केली, तेही टिकले नाही.

१८०८ साली एका धर्मगुरूंच्या निमंत्रणावरून ती बाल्टिमोरला गेली. पुढच्याच वर्षी एमिट्सबर्ग या खेड्यात तिने धर्मभगिनींचा संघ सुरू केला. अमेरिकेतच जन्मलेला हा असा पहिला संघ. १८१० साली तेथे गरीब मुलींसाठी मोफत शाळा उघडली.

चरित्र इथेच संपले असते तर प्रवचन करणे सोपे गेले असते. पण १८१२ साली ॲना मारिया सोळाव्या वर्षी क्षयाने गेली आणि एलिझाबेथ कोलमडली. कित्येक महिने मनात काळोख होता. इतरांना धीर देणारी मदर स्वतः पोरकी झाली होती. तरीही ती रोज मिस्साला गेली, मुलींच्या वर्गात गेली, आजारी भगिनींच्या उशाशी बसली. १८१६ साली चौदा वर्षांची रिबेकाही गेली. मुलांचे नोकरीधंद्यात बस्तान बसेना, ती काळजी वेगळीच.

देवाने असे का केले, याचे उत्तर तिला मिळाल्याचे आम्हाला कुठे दिसत नाही. तिला मिळाली ती प्रभूची सोबत आणि आजच्या दिवसाचे काम. त्या दोन गोष्टी तिने सोडल्या नाहीत. श्रद्धा म्हणजे न रडणे नव्हे. मयताच्या घरी आपण सर्रास रडू नका, देवाची इच्छा, असे बोलून मोकळे होतो. त्याऐवजी घटकाभर मुकाट्याने जवळ बसावे. आम्हालाही हे उशिराच कळले.

४ जानेवारी १८२१ रोजी, ४६ व्या वर्षी, एलिझाबेथ क्षयानेच देवाघरी गेली. १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी तिला संत म्हणून घोषित केले. अमेरिकेत जन्मलेली ही पहिली संत. ४ जानेवारी हा तिचा सण.

आपल्या धर्मग्रामात आज ज्यांचे घर रिकामे झाले आहे, ज्यांचे हात रिकामे झाले आहेत, त्यांनी पवित्र साक्रामेंतासमोर थोडा वेळ येऊन बसावे. शब्द सुचले नाहीत तरी चालेल. प्रभू तेथे आहे.