दोनदां पडून उभा राहिलेला मनुष्य : जॉन बी. गफ



मंडळींतील एखादा बंधु दारू सोडल्याची शपथ घेतो, चार महिने नीट वागतो आणि जत्रेच्या दिवशीं पुन्हां गुत्त्यांत दिसतो. आपण हळहळतों, आणि मग मनांतून त्याचें नांव पुसून टाकितों. असें करण्यापूर्वीं आपण जॉन बी. गफ ह्याच्या चरित्राकडे पाहावें, अशी आमची विनंति आहे.

जॉनचा जन्म इंग्लंडांतील केंट परगण्यांत सँडगेट गांवीं ता. २२ आगस्ट १८१७ रोजीं झाला. बाप पेन्शन घेतलेला शिपाई, आई शाळेंत शिकविणारी. घरीं दारिद्र्य असल्यामुळें बारा वर्षांच्या जॉनला १८२९ सालीं एका शेजारच्या कुटुंबाबरोबर अमेरिकेस धाडण्यांत आलें. तेथें दोन वर्षें शेतावर राबून तो न्यूयॉर्क शहरीं पुस्तकें बांधण्याचा धंदा शिकला. पुढें आई व बहीण त्याजकडे आल्या. पण १८३४ सालीं आई वारली. गफला गाण्याचें व नकलांचें अंग होतें. ह्याच गुणांमुळें मद्यप्यांच्या बैठकींत तो सर्वांना हवासा झाला, आणि हळूहळू दारूचा दास बनला. काम गेलें, अब्रू गेली. पत्नी व तान्हें मूल थोड्याच दिवसांच्या अंतरानें मरण पावलीं, तरी बाटली सुटली नाहीं.

१८४२ सालच्या आक्टोबरांत वूस्टर गांवच्या रस्त्यानें तो झोकांड्या खात चालला असतां कोणी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेविला. तो जोएल स्ट्रॅटन नांवाचा एक साधा कामकरी मनुष्य होता. त्यानें गफला प्रेमानें मद्यनिषेधाच्या सभेस बोलाविलें. दुसरे दिवशीं गफनें थरथरत्या हातानें प्रतिज्ञापत्रावर सही केली. पुढील कांहीं दिवस त्यानें भ्रम व कंप ह्यांच्या भयंकर यातना सोसल्या. आज वैद्यकशास्त्र हें सांगतें कीं, फार दिवस पिणाऱ्यानें एकाएकीं दारू सोडल्यास जिवाला धोका असतो. म्हणून अशा मनुष्याला डाक्टराकडे नेणें हें आपलें कर्तव्य आहे.

पांच महिने लोटले. बोस्टन शहरीं जुने सोबती भेटले आणि गफ पुन्हां प्याला. लाजेनें त्याला दूर देशीं निघून जावेंसें वाटलें. परंतु त्यानें वूस्टरच्या लोकांसमोर आपला अपराध कबूल केला. त्यांनीं त्याला हांकून न देतां त्याजकडून पुन्हां सही घेतली.

१८४५ सालच्या सप्टेंबरांत तर याहूनही मोठें संकट आलें. आतां तो प्रसिद्ध वक्ता झाला होता. न्यूयॉर्क येथें तो एकाएकीं नाहींसा झाला व सुमारें एका आठवड्यानें एका बदनाम घरांत दारूच्या धुंदींत सांपडला. एका ओळखीच्या मनुष्यानें सरबतांत कांहीं मिसळून पाजलें, असें त्याचें म्हणणें होतें. वर्तमानपत्रांनीं मन मानेल तशी टीका केली. तथापि बोस्टन येथील त्याच्या मंडळीनें चौकशी करून त्याचें म्हणणें मान्य केलें व त्याला आपल्यांतच ठेविलें. पत्नी मेरी हिनेंही त्याची साथ सोडिली नाहीं.

त्यानंतर चाळीस वर्षें गफसाहेबांनीं दारूला स्पर्श केला नाहीं. १८५३ सालीं ते सहा आठवड्यांकरितां इंग्लंडास गेले आणि लोकांच्या आग्रहास्तव दोन वर्षें राहिले. हजारों सभांतून त्यांनीं आपल्या पतनाची हकीकत न लपवितां सांगितली. आपण आतां सुरक्षित झालों, असें त्यांनीं कधींच मानिलें नाहीं. फिलाडेल्फियांतील फ्रँकफर्ड येथें भाषण करीत असतांनाच त्यांना अर्धांगाचा झटका आला, व ता. १८ फेब्रुवारी १८८६ रोजीं ते देवाघरीं गेले.

वाचकहो, गफसाहेब पडले ह्यांत नवल नाहीं. पडलेले पुष्कळ आहेत. त्यांनीं पडल्याचें लपविलें नाहीं, आणि कबुली ऐकणाऱ्यांनीं दार बंद केलें नाहीं, म्हणून ते उभे राहिले. मोडलेली प्रतिज्ञा पुन्हां करितां येते; परंतु त्यासाठीं खांद्यावर हात ठेवणारा कोणी तरी लागतो. तुमच्या गांवीं आज ज्याचें नांव पुसलें गेलें आहे, त्याच्या दारीं ह्या आठवड्यांत कोण जाईल? आम्ही आमच्या गांवीं जाणार आहों, तुम्हीही जावें.