उपाशी मुलींची माय : पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडच्या दिशेने निघालेली पॅसेंजर गाडी तासाभरात केडगावला पोहोचते. भाविक मंडळी या गावाला नारायण महाराजांच्या बेटामुळे ओळखतात. स्थानकापासून जवळच आणखी एक जुनी वसाहत आहे आणि तिचे नाव 'मुक्ती'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळाने देश होरपळत असताना, या माळावर शेकडो अनाथ मुली आणि तरुण विधवा उतरल्या. त्यांना घेऊन येणाऱ्या बाईचे नाव पंडिता रमाबाई. आपल्याकडे रमाबाईंची आठवण निघते ती बहुधा त्यांच्या विद्वत्तेसाठी किंवा धर्मांतराच्या वादासाठी. केडगावचे काम मात्र तळटीपेत जाते. वास्तविक त्यांच्या साऱ्या आयुष्याचा धागा याच माळावर येऊन पोहोचतो, आणि तो सुरू होतो त्यांच्या स्वतःच्या पोटातील भुकेपासून.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण होते. लग्नाच्या वेळी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. शास्त्रीबुवांनी त्यांना संस्कृत शिकवायला घेतले, तेव्हा स्त्रीला देववाणी शिकवण्याबद्दल त्यांना शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागला. तरीही ते बधले नाहीत. रानातल्या आश्रमात विद्यार्थी आणि अतिथी यांचा राबता इतका होता की शास्त्रीबुवा कर्जबाजारी झाले आणि कुटुंबाने तीर्थयात्रेची वाट धरली. तान्ही रमा वेताच्या पेटाऱ्यात, नोकराच्या डोक्यावर बसून त्या यात्रेला निघाली. पुढे आईनेच तिला संस्कृत शिकवले. भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी आईवडिलांबरोबर देवळांच्या ओवरीत पुराण सांगत हिंडत होती.

मग दुष्काळ आला. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील आणि आई दोघेही गेले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी असल्याने रमेला तिरडीचे टोक डोक्यावर घ्यावे लागले. पुढची काही वर्षे बहीणभाऊ पायी हिंडले. हाताला येईल तो पाला आणि रानफळे खाल्ली. झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. पुढे रमाबाईंनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. केडगावचा अर्थ लागायचा असेल तर हा प्रसंग ध्यानात ठेवावा लागतो.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्याला पोहोचली आणि चित्र पालटले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातही वेगळी, प्रांतही वेगळा. दोन्हीकडचा समाज दुरावला. कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा मृत्यू झाला. विधवांविषयी आतापर्यंत शास्त्राधाराने बोलणारी ही विदुषी तेविसाव्या वर्षी स्वतः विधवा झाली.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंड गाठले. श्रवणदोषामुळे तो बेत तडीस गेला नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यातील सुधारकांनाही हा धक्का पचवणे जड गेले. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहिल्या नाहीत. कोणत्या पंथाचे काय मानायचे याविषयी त्यांनी त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून वाद घातला. वडिलांचा हट्ट मुलीत पुरेपूर उतरला होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे जवळपास तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाने अमेरिकी वाचकांपुढे बालविधवांचा प्रश्न उभा केला. त्याच वर्षाअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतातील विधवागृहाचा खर्च दहा वर्षे चालवण्याची जबाबदारी तिने घेतली. बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचाही त्यांनी तिथे अभ्यास केला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर 'शारदा सदन' उघडले. वर्षदीड वर्षाने ते पुण्यात आले. तिथे विधवांना केस राखता येत होते, शिकता येत होते, बागेत हिंडता येत होते. आज या गोष्टी क्षुल्लक वाटतील; त्या काळी अनेक घरांत विधवेला शुभकार्यात तोंडही दाखवू देत नसत. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. त्या आश्रमाच्या घडणीमागे शारदा सदनाचा अनुभव होता, हे मान्य करायला आपण फार वर्षे घेतली.

१८९३ हेच वर्ष सदनावर संकट घेऊन आले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली तिथे येऊन बसत. येणाऱ्या मुलीला हाकलून देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागताच 'केसरी'ने टीकेचा भडिमार केला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुलींना घरी नेले. टीकाकारांची शंका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. विश्वासाने लेकी धाडणाऱ्या पालकांना वचनाचा अर्थ काटेकोर हवा होता. मात्र घरी नेलेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले, याची विचारपूस वादाच्या गदारोळात कोणी फारशी केली नाही. किंमत त्यांनी मोजली.

या घटनेनंतर रमाबाईंचे पुण्याशी नाते सैल होत गेले. उत्पन्नासाठी त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. तिथे फळबाग करावी आणि देणग्यांवरचा भार हलका करावा असा बेत होता. अशातच १८९६ चा दुष्काळ पडला.

मध्य प्रांतातून येणारी वर्णने वाचून रमाबाईंना वाळूच्या खड्ड्यातल्या रात्री आठवल्या असतील तर नवल नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदत छावण्यांत अन्न अपुरे होते. पण त्यांना अधिक भयंकर वाटले ते वेगळेच. आईबाप गमावलेल्या पोरींवर दलाल आणि कुंटणी टपून बसलेल्या होत्या. मूठभर धान्याच्या आमिषाने मुली विकल्या जात होत्या. पैशाची पुरेशी तरतूद नसतानाच रमाबाईंनी मुली गोळा करायला सुरुवात केली. १८९७ च्या आत ही संख्या तीनशेच्या आसपास गेली. एवढ्यात पुण्यात प्लेगने थैमान मांडले आणि नव्या माणसांना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा मुलींना केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्यांत उतरवावे लागले. फळबागेच्या जागी वसाहत उभी राहिली, ती अशी. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवरही त्यांनी त्याच वर्षी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात जाहीर टीका केली. परदेशी देणगीवर संस्था चालवणाऱ्या बाईने सरकारला असे फटकारणे सोपे नव्हते.

आलेल्या मुली कशा होत्या? हाडांचा सापळा, अंगावर खरूज आणि गळवे, भाषा निराळी, मनात भीती. पोटभर अन्न मिळाले तरी कित्येक जणी उद्यासाठी लपवून ठेवत. त्यांना वाचायला शिकवायचे हे तर होतेच. पण त्याआधी विहिरी खणायच्या, शेत करायचे, राहायला घरे उभारायची होती. हे काम मुलींनीही केले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर रहिवाशांचा आकडा दोन हजारांच्या घरात पोहोचला. फसवल्या गेलेल्या तरुणींसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन, अनाथ मुलग्यांसाठी सदानंद सदन अशी घरे वाढत गेली. अंध स्त्रियांसाठीही वेगळी व्यवस्था झाली. मनोरमा अमेरिकेतून ब्रेल लिपी शिकून आली होती आणि तिने ती त्यांना शिकवली. हातमाग, तेलाचा घाणा, गोठा, शिवणकाम, भांड्यांना कल्हई असे अनेक उद्योग चालत. प्रत्येकीच्या हाताला काहीतरी येत असे.

यातला छापखाना विशेष लक्षणीय. दुष्काळातून आलेल्या मुली इथे खिळे जुळवू लागल्या. उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले होते. खेड्यातल्या बाईला वाचता यावे, एवढीच त्यामागे कसोटी होती. ज्या हातांना कधीकाळी अक्षरही माहीत नव्हते, तेच हात ही पाने जुळवत होते.

१९१९ मध्ये सरकारने 'कैसर-इ-हिंद' पदक दिले. मनोरमेकडे काम सोपवून निश्चिंत होता येईल असे वाटत होते. तिने गुलबर्ग्यात मुलींची शाळाही सुरू केली होती. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला तिचा मृत्यू झाला. आईपेक्षा मुलीने आधी जाण्याचा हा घाव रमाबाईंना सोसवला नाही, असे सांगितले जाते. आठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी केडगावलाच देह ठेवला.

१९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. 'मुक्ती'मध्ये निराधार मुली आणि स्त्रियांसाठी काम आजही चालू आहे. बायबलचे काम बाईंच्या मृत्यूच्या वेळी छापखान्यात होते. तिथल्या स्त्रियांनी ते थांबवले नाही. १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून ते पूर्ण होऊन बाहेर पडले.