मापे आणि अज्ञात राशींना शिस्त लावणारे भास्कराचार्य

हिवरे बाजार (जि. अहिल्यानगर) : पाण्याचा ताळेबंद मांडणारे गाव म्हणून हिवरे बाजार सर्वश्रुत आहे. या ताळेबंदात पाऊस मिलिमीटरमध्ये, शिवार हेक्टरमध्ये आणि पाणी लिटरमध्ये मोजावे लागते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. संगणकावर आज्ञा टंकून चालणाऱ्या साध्या गणक-प्रणालीलाही हा हिशेब जमतो. 'पाऊस', 'क्षेत्र' अशी नावे देऊन आकडे साठवायचे आणि उत्तर हव्या त्या एककात मागायचे. राशीला नाव देणे आणि एकक बदलणे, ही दोन्ही कामे मराठी मुलखातील एका गणितज्ञाने साडेआठशे वर्षांपूर्वी ग्रंथात नेटकेपणाने मांडली होती.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. त्यांचे गाव विज्जडविड सह्याद्रीच्या परिसरातले; ते नेमके कोणते, यावर विद्वानांत आजही एकमत नाही. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात.

'लीलावती'चा आरंभ होतो तो कोष्टकांनी. २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म; २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी एक हात असलेले माप म्हणजे मगध देशाची खारी. म्हणजे खड्डा हातांनी मोजावा आणि त्यात मावणारे धान्य खारीत सांगावे! पुढे खणलेल्या खड्ड्याचे घनफळ येते आणि चार झऱ्यांनी मिळून तळे किती वेळात भरेल, हेही येते. दुष्काळी भागातील वाचकाला ही उदाहरणे परकी वाटू नयेत.

'बीजगणिता'त पहिल्या अज्ञात राशीचे नाव यावत्तावत्. पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. लिहिताना केवळ या, का, नी ही आद्याक्षरे. ही पद्धत ब्रह्मगुप्तादी पूर्वसूरींपासून चालत आलेली असली, तरी तिची ताकद भास्कराचार्यांनी दाखवली. एका वर्गाची ६१ पट करून त्यात एक मिळवला असता पुन्हा वर्गच यावा, अशी सर्वांत लहान संख्या त्यांनी चक्रवाल पद्धतीने शोधली : २२,६१,५३,९८०. हाच प्रश्न १६५७ मध्ये फर्माने युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला होता.

लोकांच्या स्मरणात मात्र घटिकापात्रात मोती पडून लग्नमुहूर्त हुकलेली कन्या लीलावतीच राहिली. ही कथा १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरात आढळते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. कथा मनोहर आहे, पण तिच्यामुळे कोष्टके झाकली गेली, हे खेदाने म्हणावे लागते.

११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'करणकुतूहल' रचला. ग्रहगणित सोपे करून देणारा हा ग्रंथ. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी मानाला चढला. नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. याच चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. तेथील १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. त्याच्या अखेरच्या मराठी मजकुरात, पाटणच्या बाजारी विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद आहे.