कर्नल जॉर्ज फॉस्बेरी : दाट रानाच्या बंदुकीचा जनक

ज्ञातीच्या स्मरणिकेत परकीयाचे, आणि तेही इंग्रजी सैन्यातील एका अधिकाऱ्याचे चरित्र का छापावे, असा प्रश्न काही बांधवांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, लोखंड, पितळ आणि लाकूड यांवर हात चालवून उदरनिर्वाह करण्याची आपल्या पांचाळ ज्ञातीची परंपरा फार जुनी आहे; आणि ज्या गृहस्थाने बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी दोन इंचांचा बदल करून आपले नाव कारागिरीच्या इतिहासात कायम केले, त्याचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जावे असे आम्हांस वाटते.

जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी यांचा जन्म १८३२ साली इंग्लंडात झाला. ईटन येथील प्रसिद्ध विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १८५२ साली ते कंपनी सरकारच्या बंगाल सैन्यात दाखल झाले. १८६३ साली वायव्य सरहद्दीवरील अंबेला येथील मोहिमेत एक उंच सुळका पठाणांनी जिंकून घेतला होता. वर जाण्याची वाट इतकी अरुंद होती की एका वेळी एक-दोनच माणसे चढू शकत. ३० ऑक्टोबर रोजी फॉस्बेरी आपली तुकडी घेऊन त्या वाटेने चढले आणि आपल्या बाजूने माथ्यावर सर्वांआधी पोहोचले. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. ज्यांच्याविरुद्ध ते लढले ते लोक आपल्याच भूमीसाठी लढत होते, हेही येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

परंतु फॉस्बेरी यांचे मन तलवारीपेक्षा यंत्रात अधिक रमे. आत स्फोटक भरलेल्या गोळ्यांवर त्यांनी प्रयोग केले. मनुष्यावर अशा लहान गोळ्या वापरू नयेत, असा करार १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे अनेक राष्ट्रांनी केला. कल्पकता कितीही मोठी असली तरी तिला माणुसकीची वेस असलीच पाहिजे, हा धडा त्यांच्या चरित्रात असा अनायासे येतो. १८७७ साली लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या खऱ्या कीर्तीचा काळ त्यानंतर सुरू झाला.

त्यांनी सोडविलेली अडचण आपल्या ठाणे जिल्ह्याच्या रानांवरून चांगली समजेल. येऊर, माहुली किंवा माळशेजच्या बाजूला कारवी, बांबू आणि करवंदीच्या जाळ्या अशा माजतात की वीस पावलांपलीकडचे दिसत नाही. जुन्या काळी हाका घालून रान उठविले की शिकाऱ्यासमोर रानकोंबडा उडेल की रानडुक्कर धावून येईल, याचा भरवसा नसे. कोंबड्याला छर्रे हवेत, डुकराला जड गोळी हवी. सपाट नळीची बंदूक छर्रे चांगले टाकते. पण तिची एकटी गोळी थोड्याच अंतरावर भरकटते. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यांनी गोळी गरगर फिरते आणि सरळ जाते. पण त्याच पिळामुळे छर्रे मात्र विस्कटून जातात. जर्मन कारागीर यावर उपाय म्हणून एकाच दस्त्यावर छर्ऱ्याच्या आणि रायफलीच्या वेगवेगळ्या नळ्या जोडीत. अशी जोडबंदूक गिऱ्हाईकाच्या मागणीप्रमाणे घडविली जाई. परंतु ऐन वेळी कोणती नळी उडवावयाची, हा विचार शिकाऱ्याच्या डोक्यावर राहीच.

फॉस्बेरी यांनी निराळा मार्ग काढला. नळी सर्व लांबीभर सपाट ठेवून केवळ तोंडाजवळच्या दोनेक इंचांत त्यांनी आटे पाडले. छर्रे सपाट भागातून नीट येत आणि शेवटच्या थोड्या आट्यांनी फारसे बिघडत नसत. जड गोळीला मात्र तेवढा पीळ पुरे होई. त्यामुळे साध्या बंदुकीइतक्या हलक्या दुनळीतून दोन्ही नळ्यांनी दोन्ही कामे होऊ लागली, आणि गोळी शंभर यार्डांपर्यंत विश्वासाने लागू लागली. १८८५ साली त्यांनी याचे पेटंट घेतले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याने ही बंदूक पॅराडॉक्स, म्हणजे विरोधाभास, या नावाने बाजारात आणली. हिंदुस्थानातील आणि आफ्रिकेतील जंगलांत ती अतिशय लोकप्रिय झाली.

पुढे १८९५ साली त्यांनी आपल्याच धक्क्याने चाक फिरविणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. वेब्ली कारखान्याने ते १९०१ पासून विकले. कल्पना अपूर्व होती. परंतु पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या चिखलाने त्याच्या नाजूक खाचा अडत, आणि सैन्याने ते अधिकृतपणे कधीच स्वीकारले नाही. हे अपयश पाहण्यास फॉस्बेरी हयात नव्हते. १९०७ साली बाथ येथे त्यांचे देहावसान झाले.

आता आपल्याकडे पाहू. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र घडविणे गुन्हा ठरले आणि देशी बंदूकघड्यांचा धंदा आवळला गेला. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने निघाले. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या ज्ञातीच्या हातांना काम मिळाले. शिकारीचे दिवसही संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या त्यातील दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले, आणि ते योग्यच झाले. येऊरच्या रानातील बिबळ्याकडे आता बंदुकीने नव्हे, डोळ्यांनीच पाहावयाचे आहे.

मग फॉस्बेरींकडून घ्यावयाचे काय? त्यांनी अडचण स्वतः भोगली, उपाय कमीत कमी बदलात शोधला, तो लिहून काढला आणि कायद्याने आपल्या नावावर नोंदविला. आपल्या वाडवडिलांनी लेथवर, भट्टीवर आणि रंध्यावर अशा कितीतरी युक्त्या काढल्या. परंतु त्या कागदावर उतरल्या नाहीत. कारागीर गेला की युक्तीही त्याच्याबरोबर गेली, किंवा दुसऱ्याच्या नावावर जमा झाली. आज १९७० च्या कायद्याखाली पेटंटाची मुदत वीस वर्षे आहे, आणि त्याचे कार्यालय मुंबईत, म्हणजे आपल्या दारात आहे.

आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे की, घरातील वृद्ध कारागिरांजवळ बसून त्यांनी बनविलेली हत्यारे, साचे व युक्त्या त्यांच्या नावांसह वहीत उतरवून घ्याव्यात. जे नवे असेल ते तरुणांनी नोंदणीस न्यावे. दोन इंचांच्या कामाने एका माणसाचे नाव शतकाहून अधिक काळ टिकले. आपल्या ज्ञातीत असे दोन इंच पुष्कळ आहेत, ते मातीत जाऊ देऊ नयेत.